ठाण्यात राहून गावठी खायचं कसं

सेंद्रिय खायचं ठरवलं की लोक आधी दुकान शोधतात. मी म्हणेन, आधी माणूस शोधा. स्वतः खुडून आणणारी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणारी एक बाई मिळाली की अर्धं काम झालं. ठाण्यात ती मिळणं अवघड नाही. कसारा आणि कर्जत, दोन्हीकडच्या लोकल इथे थांबतात. सकाळच्या गाड्यांनी आसनगाव, वासिंद, वांगणी, नेरळकडच्या बायका गाठोडी घेऊन उतरतात आणि स्टेशनच्या पश्चिमेला, जांभळी नाक्याच्या वाटेवर मिळेल त्या कडेला बसतात. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला मनाई आहे, त्यामुळे कारवाई असली की त्यांची जागा हलते. म्हणून दोन-चारदा माल घेऊन ओळख झाली की फोन नंबर मागून घ्यायचा. "शेवळं आली की कळवा" (पावसाच्या सुरुवातीची ही रानभाजी) एवढं सांगून ठेवलं की पुरतं.

मी माहेरची साताऱ्याची. आमच्याकडे पालेभाजी म्हणजे मेथी, चाकवत, करडई, फार तर तांदुळजा. लग्न होऊन चरईतल्या सीकेपी घरात आले आणि रानभाज्या सासूबाईंच्या हाताखाली शिकले. आता घरात त्या, आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी आणि आठवीतला मुलगा. खाली लिहितेय ते या घरात चालतं. तुमच्या घरात कोणाला कडू चालत नसेल, कोणाला वालाने गॅस होत असेल, तर त्याप्रमाणे कमीजास्त करा.

बाई ओळखायची कशी

तिच्यापुढे फार माल नसतो. टाकळ्याच्या चार जुड्या, कंटोळ्यांचा एक ढीग, पानात गुंडाळलेली कसलीतरी फुलं, कडेला पाच-सहा गावठी लिंबं. ज्याच्यापुढे एकाच भाजीचा डोंगर आहे तो व्यापारी. त्याचा माल वाईट असतो असं नाही, पण तो बहुधा वाशीच्या मार्केटमधून आलेला असतो आणि कुठल्या शेतातला ते त्यालाही सांगता येत नाही. रानभाजी तागडीत घालत नाहीत, वाट्यावर विकतात. जुडी रबरबँडने बांधलेली असते की वेलीने, तेही बघा.

विचारायचे प्रश्न चारच. कुठलं गाव? कधी खुडली? अजून किती दिवस येईल? आणि तुम्ही घरी कशी करता? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. विकत घेऊन विकणारा "कशीही करा, चांगली लागते" म्हणतो. खुडणारी बाई मात्र सांगायला लागते: हिचं पाणी काढायचं, कांदा जास्त लागतो, वाल असले तर वाल घाल नाहीतर मूगडाळ, चिंच विसरू नको. बघता बघता शेजारची बाई मध्ये पडते, तिच्या गावात वेगळी करतात, आणि तुम्हाला एकाच्या जागी दोन कृती मिळतात.

घासाघीस करू नका. ती पहाटे घराबाहेर पडलेली असते, भाजी त्याच्याही आदल्या दिवशी रानात फिरून खुडलेली असते. मॉलमध्ये छापील किमतीला आपण कधी हरकत घेत नाही, मग हिच्या वाट्यावरच जीभ का चालते, कोणास ठाऊक. सुटे पैसे न्या, कापडी पिशवी न्या, आणि दहाच्या आत जा.

एक ताकीद. "आपणच येऊरला जाऊन खुडून आणू" असं पावसाळ्यात प्रत्येक सोसायटीत कोणीतरी म्हणतं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे काहीही तोडायला मनाई आहे. आणि मनाई नसती तरी सारखे दिसणारे कोंब आणि पाला रानात भरपूर असतो. ओळखीचं ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यांचं आहे त्यांच्याकडून विकत घ्यावं, त्यात त्यांचंही भलं आणि आपल्या पोटाचंही.

नवी मुंबईकरांसाठी: माझी नणंद नेरुळला राहते. ती खारघरच्या डोंगरावरच्या पाड्यांतून खाली उतरणाऱ्या बायकांकडून भाजी घेते आणि मासळीला बेलापूरजवळच्या दिवाळे गावात जाते. मासळीचंही भाजीसारखंच. १ जूनपासून यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते. त्या दिवसांत दुकानात दिसणारं पापलेट कुठून आलं आणि किती दिवस बर्फात होतं, हे विचारलेलं बरं. आम्ही मे महिन्यातच सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), सुकट, बोंबील भरून ठेवतो आणि पावसाळाभर त्यावर काढतो.

जवळचं म्हणजे चांगलंच, असं नाही

लोकलच्या खिडकीतून रुळांलगत पालक, माठ, भेंडीचे वाफे दिसतात. ठाण्याला याहून जवळची भाजी कुठली असणार? पण पाणी कुठलं घालतात ते बघा. कित्येक ठिकाणी शेजारी नाला असतो आणि त्यातच पंप सोडलेला असतो. नाल्याच्या पाण्यातले जड धातू पालेभाज्या मुळातून शोषून घेतात, मग मिठाच्या पाण्यात कितीही बुडवा, ते जात नाहीत. म्हणून पालेभाजी स्वस्त आणि टवटवीत दिसली तरी "पाणी विहिरीचं की नाल्याचं?" हे विचारायला लाजू नका. उत्तर देताना समोरच्याची नजर वळली तर आपणही वळायचं.

फवारणीचं थोडं वेगळं. पानावर बसणारं औषध धुतल्याने बरंचसं उतरतं. झाडात भिनणारं, आंतरप्रवाही औषध असतं ते आतच राहतं. पावसाळ्यात फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची, टोमॅटो यांना रोग आणि किडीचा त्रास फार, त्यामुळे फवारणीही जास्त. आमच्याकडे जूनपासून दसऱ्यापर्यंत फ्लॉवर येत नाही. मुलाने पावभाजीवरून भांडण केलं, तेव्हा दुधी आणि लाल भोपळा घालून केली. त्याला फरक कळला, पण दोन पाव खाल्ल्यानंतर.

याउलट काही पिकं मुळातच कमी औषधावर येतात. आपल्या भागातले वाल बघा. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच ते पेरतात, वेगळं पाणी फारसं देत नाहीत, खतंही बेताची. सेंद्रियचा शिक्का नसलेले पेण-अलिबागकडचे कडवे वाल मी डोळे मिटून घेते. शिक्का असलेली, दुसऱ्या खंडातून आलेली किनोवाची पिशवी मात्र आमच्या घरात एकदाही आलेली नाही, आणि मुलगी कितीही म्हणाली तरी येणार नाही.

शिक्क्यांचं काय

सुट्या भाजीला शिक्का शोधू नका, पाकिटाला शोधा. पाकीटबंद मालावर सेंद्रिय लिहायचं तर 'जैविक भारत' ही खूण लागते. एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे हे नियम २०१७ मध्ये आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यामागे प्रमाणीकरणाच्या दोन वाटा आहेत. एक एनपीओपी, ज्यात बाहेरची संस्था येऊन शेत तपासते. निर्यातीच्या मालाला हीच लागते. दुसरी पीजीएस, ज्यात गावातले शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. पीजीएसमध्ये 'ग्रीन' लिहिलेलं असेल तर ते शेत अजून रासायनिककडून सेंद्रियकडे वळतंय असं समजायचं, 'ऑरगॅनिक' लिहिलं असेल तर वळून झालंय. वळायला हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं लागतात, फळबागांना तीन. तेव्हा "गेल्या वर्षीपासून पूर्ण सेंद्रिय" असं बागवाला छाती ठोकून सांगत असेल तर मनातल्या मनात हसा आणि माल चांगला असेल तर घ्या.

आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं: वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे आठवडी बाजारात शेतकऱ्याकडे कागद नसला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला शेताबद्दल विचारा. जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) कधी घालतो, कीड पडली तर काय करतो, शेजारच्या शेतातली फवारणी इकडे येऊ नये म्हणून बांधावर काय लावलंय. खरा सेंद्रियवाला तक्रारी सांगतो: माणसं मिळत नाहीत, तण फार, निम्मी वांगी किडकी निघाली. ज्याची सगळी वांगी एकसारखी चकचकीत आणि तक्रार एकही नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

आता पैशांचं. सगळंच सेंद्रिय घेतलं तर आमच्या घराचा हिशेब बसत नाही, म्हणून क्रम लावलाय. रोज सगळ्यांच्या पोटात जास्त जातं ते आधी: तांदूळ, तूरडाळ, घाण्याचं शेंगदाणा तेल. मग हळद, तिखट, गूळ, कारण त्यात भेसळीची भीती. फळं-भाज्या हंगामाप्रमाणे आणि ओळखीप्रमाणे. बिस्किटं, नूडल्स वगैरे 'ऑरगॅनिक' लिहून येतात त्यांना यादीतच जागा नाही. मैदा सेंद्रिय झाला तरी मैदाच.

तांदळाबद्दल सांभाळा. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई-ठाण्यातल्या दुकानांत ज्याला त्याला 'वाडा कोलम' म्हणायची पद्धत आहे, आणि त्यातला सगळा काही वाड्याचा नसतो. दिवाळीनंतर भात झोडून झालं की वाड्याकडचा शेतकरी गाठायचा आणि तीन-चार घरांनी मिळून वर्षाचा तांदूळ एकदम घ्यायचा. आमच्या मजल्यावर असं चालतं. नवा तांदूळ चिकट होतो, तो घावन-भाकरीला वापरायचा आणि भाताला जुना संपेपर्यंत थांबायचं. साठवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा, पण पाला अगदी खडखडीत वाळलेला हवा, नाहीतर बुरशी आलीच.

अलिबागचा पांढरा कांदा उन्हाळ्यात माळा करून विकायला येतो. त्यालाही २०२२ मध्ये मानांकन मिळालंय. माळच घ्यावी, सुटा घेऊ नये. डहाणू-घोलवडचे चिकू, बहाडोलीची जांभळं, हे सगळं आपल्या लोकलच्या टापूतलं. हापूसच्या मानांकनात २०१८ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघरही आले, तरी आमचे हे अजून देवगडशिवाय बोलत नाहीत. मी पेटी कच्चीच घेते आणि घरी पेंढ्यात अढी लावते. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे. घरी अढी लावली की तो प्रश्नच मिटतो. पलंगाखाली पेंढा पसरायचा, आंबे एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडायचे, वर पुन्हा पेंढा. रोज सकाळी आंबे चाचपायचं काम मुलाकडे आहे. या कामाला तो हाक न मारता उठतो.

माझं माहेरचं काय, असं नवरा विचारतो. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, कऱ्हाडकडची काकवी, हे अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून येतं. हे जवळचं कसं? तर माझ्या भावाच्या शेतातलं आहे म्हणून. या मुद्द्यावर आमच्या घरात चर्चा बंद आहे.

निवडायला सगळे

गावठी खाण्यात खरा वेळ शिजवायला लागत नाही, निवडायला लागतो. आणि बहुतेक घरांत उत्साह इथेच संपतो, कारण आणलं एकाने आणि निवडायचं एकटीने. आमच्याकडे नियम आहे की शनिवारी संध्याकाळी भाजी टीव्हीसमोर वर्तमानपत्रावर ओतायची आणि बसलेल्या प्रत्येकाने हात लावायचा. सासूबाईंना खाली बसवत नाही, त्यांना खुर्ची, आणि देखरेखीचं काम त्यांच्याकडे. ते त्या मनापासून करतात.

टाकळा कोवळाच घ्यायचा, जून झाला की उग्र लागतो. मेथीसारखा दिसतो, पानं खुडायची, देठ टाकायचे. रानात त्याची पानं संध्याकाळी मिटतात, हे मुलांना एकदा दाखवा. नंतर ते स्वतःहून ओळखतात. फोडशी ही गवताच्या पात्यासारखी. तिचा बुडाचा पांढरा कडक भाग काढून टाकायचा आणि पात चिरून तीन-चार पाण्यांतून धुवायची, माती फार असते. भिजवलेली चणाडाळ आणि कांदा घालून केली की मुलं खातात. पहिल्यांदा खाणाऱ्याला फोडशीच द्या, कडू नाही आणि खाजरीही नाही. भारंगीचा पाला कडू, तो उकडून, पिळून, मग भरपूर कांद्यावर परतायचा आणि त्यात मोड आलेले वाल. कुर्डू फुलावर यायच्या आत. कंटोळी हिरवीगार आणि हाताला घट्ट बघून घ्या, पिवळी पडायला लागली की आत बिया टणक. चकत्या करून नुसत्या तेल-मीठ-तिखटावर कुरकुरीत परतली की वरणभाताबरोबर दुसरं काही लागत नाही.

शेवळांवर मात्र जरा थांबायला हवं, कारण ही भाजी चुकली की सगळं घर घसा धरून बसतं.

शेवळं येतात मृगाच्या सुमारास, पहिल्या सरींबरोबर, आणि दोन-तीन आठवड्यांत संपतात. मातकट जांभळट रंगाचे, टोकाला निमुळते कोंब. घेताना त्याच बाईकडून काकडंही घ्यायची, हिरवी, आवळ्यापेक्षा लहान आंबट फळं. शेवळांची खाज काकडांच्या आंबटपणाने मारली जाते, त्यामुळे काकडं नसतील तर शेवळं घेऊच नका. अगदीच अडलं तर चिंच, पण हात सैल सोडून. सुरण-अळूच्या कुळातली ही भाजी, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक तिच्यात असतात, तेच टोचतात.

आधी हाताला खोबरेल चोळा. बाहेरचं आवरण सोलून टाका. आतल्या दांड्यावर पिवळसर, दाणेदार भाग असतो तो पूर्ण काढून टाका. जास्त खाज तिथेच असते. हे काम मुलांना देऊ नका, त्यांना काकडं ठेचायला बसवा. उरलेला भाग बारीक चिरा. काकडं थोड्या पाण्यात उकडून कुस्करा आणि गाळून रस काढा. चिरलेली शेवळं तेलावर चांगली परता, रंग उतरला की काकडांचा रस घालून झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा. घाई नको. अर्धवट शिजलेलं शेवळ कोणीही खाऊ नये. दुसऱ्या भांड्यात कांदा, आलं-लसूण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला, मग सोडे किंवा कोलंबी किंवा खिमा, आणि त्यात ही शेवळं. शाकाहारी करायची तर भिजवलेली चणाडाळ किंवा सोललेले वाल. वाढण्याआधी स्वयंपाक करणाऱ्याने एक चमचा खाऊन पाच मिनिटं थांबायचं. घशाला काही जाणवलं तर आणखी आंबट घालून पुन्हा उकळायचं. लहान मुलांना पहिल्या वर्षी चवीपुरतीच द्या.

सासूबाई कोलंबीतली शेवळं करतात. मी सोडे घालते. दोघींचं पातेलं एकाच दिवशी कधीच लागत नाही, तेवढी शहाणी आम्ही दोघीही आहोत.

वर्षभर काय मागायचं

फ्रिजवर कॅलेंडर लावून त्यावर लिहून ठेवलंत तर मुलंच आठवण करतात. जूनमध्ये शेवळं, टाकळा, कुर्डू. जुलैत फोडशी, भारंगी. ऑगस्टपर्यंत कंटोळी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीत बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणजे परसातलं आणि रानातलंच. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, सुरण, मक्याची कणसं, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा. हंगामी खरेदीची यापेक्षा चांगली यादी मला कुठल्या आहारतज्ज्ञाकडे मिळालेली नाही. तेल, मसाला जवळजवळ नाही आणि तरी पातेलं चाटूनपुसून संपतं. उपवास नसला तरी ही भाजी करा, आणि आजूबाजूच्या दोन घरांना वाटून द्या, कारण थोडी करताच येत नाही.

थंडीत वालाच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रताळी, कोनफळ. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, रायवळ आंबे, फणसाची कुयरी. कुयरीची भाजी करणार असाल तर बाईकडूनच कापून आणा; चीक घरच्या विळीवरून निघता निघत नाही.

आणि फ्लॅटच्या ग्रिलमध्ये एक-दोन कुंड्या ठेवायला जागा असतेच. गवती चहा, ओव्याचा पाला, मायाळू. मायाळूची फांदी खोचली की ग्रिलवर चढते आणि महिन्या-दोन महिन्यांत भज्यांपुरती पानं देते. टोमॅटोच्या मागे लागू नका, उंच इमारतींच्या सावलीत तो नुसता लांबत जातो.

पोपटी: एक दिवस बाहेर

मुलांना हे सगळं गळी उतरवायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना पोपटीला न्या, म्हणजे शेतात माठात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला. ठाण्याहून पनवेलची लोकल आहे. तिथून पेण-अलिबागच्या वाटेवर ओळखीच्या कोणाचं तरी शेत असतं, नसेल तर शेजाऱ्यांच्या ओळखीचं असतं. सोसायटीच्या गच्चीवर करायचा विचारही करू नका.

लागतं काय? मातीचा माठ, वालाच्या ताज्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, जाडं मीठ, ओवा. हवं तर अंडी, बटाटे, रताळी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. भांबुर्डा शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, वास तिखट-कडवट असतो, आणि तोच वास शेंगांना लागतो. पाला आणायला मुलांना पाठवा, शेतवाल्याच्या पोरांबरोबर.

माठाच्या तळाला पाल्याचा जाड थर. मग न सोललेल्या, न तोडलेल्या शेंगा, मीठ-ओवा भुरभुरून. मध्ये कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला इतका दाबून भरायचा की माठ उलटा केला तरी काही पडणार नाही. पाणी अजिबात घालायचं नाही. माठ जमिनीवर पालथा ठेवायचा, भोवती सुकी लाकडं, गवत, पेंढा रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास जाळ सगळीकडून सारखा राहिला पाहिजे. झालं का ते बघायला माठावर पाण्याचे चार थेंब मारतात. चर्र होऊन लगेच उडाले की झालं. माठ काठ्यांनी बाजूला घ्यायचा, पाला काढायचा आणि सगळं केळीच्या पानावर ओतायचं.

माठाला हात लावायचं काम मोठ्यांचंच, आणि निघण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पूर्ण विझलेत हे बघायचं. शेतवाल्याला शेंगांचे पैसे द्यायचे, तो नको म्हणाला तरी. उरलेल्या शेंगांचे दाणे काढून दुसऱ्या दिवशी कांद्यावर परतले की छान लागतात असं म्हणतात. आमच्याकडे कोंबडी उरते, शेंगा उरत नाहीत.